उंदराच्या पायाची सूज आणि आपली हळद

पेनसिल्व्हेनियात वेस्ट पॉइंट नावाचे एक छोटेसे गाव आहे. सैनिकी शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेले वेस्ट पॉइंट न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी. हे ते नव्हे. हे फिलाडेल्फियाच्या उत्तरेला, लॅन्सडेलजवळ. तिथे मर्क या औषध कंपनीची मोठी संशोधनशाळा आहे. १९६२ साली तिथल्या विंटर, रिस्ली आणि नस या तिघा संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध अवघा चार पानांचा, आणि विषय म्हणाल तर उंदराच्या मागच्या पायाला सूज कशी आणावी आणि ती कशी मोजावी! या चार पानांनी पुढे भारतातल्या शेकडो प्रयोगशाळांना अनेक दशके काम पुरवले. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यातील हळद कॅप्सूलमध्ये जाऊन बसली, तिच्या त्या प्रवासातला एक मोठा टप्पाही याच चार पानांतून जातो.

हे सगळे आज लिहायचे कारण आपल्या मंडळातच आहे. गणेशोत्सव असो की कोजागिरी, जेवणाच्या रांगेत उभे राहिले की कोणीतरी हळूच जवळ येते आणि विचारते, "काका, तुम्ही फार्मसीतले ना? गुडघ्यासाठी हळदीच्या गोळ्या घेऊ का? बाटलीवर तर अँटी-इन्फ्लमेटरी लिहिलंय." हातात ताट धरून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच. उत्तर अँटी-इन्फ्लमेटरी या एका शब्दाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बाटलीवरच्या रंगीत लेबलापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे.

इन्फ्लमेशनची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. मधमाशी चावली की चारही एकदम अनुभवास येतात. आपल्याकडे याला शोथ म्हणतात, कोणी दाह म्हणतात, पण शब्द तंतोतंत जुळत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे पन्नास गट दिले आहेत, त्यांना महाकषाय म्हणतात. त्यांपैकी सूज उतरवणारा गट तो 'श्वयथुहर'. पण श्वयथु म्हणजे नुसता लालबुंद सुजलेला सांधा नव्हे. बोटाने दाबले की खळगा पडतो, अशी पायावरची पाणीदार सूजही त्यातच येते. आणि गंमत अशी, की या गटात दशमुळे आहेत, हळद नाही! हळद सापडते ती लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गटांत. याचा अर्थ सुजेवर हळद कोणी वापरत नव्हते असा मुळीच नाही. मुका मार लागला की आंबेहळद उगाळून गरम लेप लावणारी आजी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. परंतु 'सांधेदुखीवर हळद पोटात घ्या' हा जो आजचा मंत्र आहे, त्यात ग्रंथांपेक्षा प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

आता त्या प्रयोगाकडे वळू. आयर्लंडच्या किनाऱ्यावर आयरिश मॉस नावाचे तांबूस समुद्रशेवाळ मिळते. ते उकळून जो चिकट पदार्थ निघतो तो कॅरॅजीनन. चॉकलेटच्या दुधात कोकोचा साका तळाशी बसू नये म्हणून हाच घालतात. आइस्क्रीममध्ये असतो, टूथपेस्टमध्ये असतो. पोटात गेला तर तो निमूट असतो. पण त्याचे एक टक्का द्रावण थेंबभर उंदराच्या तळपायात टोचले, की तासाभरात पाय फुगू लागतो आणि तीनचार तासांत टम्म होतो. औषध आधी दिलेले असेल आणि ते गुणकारी असेल, तर पाय कमी फुगतो. एवढाच प्रयोग. पण तो स्वस्त होता, एका दिवसात उरकत होता, आणि अ‍ॅस्पिरिन, फेनिलब्युटाझोन यांसारख्या औषधांची ताकद त्यात क्रमवार दिसत होती. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, याच तिघांनी इंडोमेथासिन या नव्या औषधाचे गुणधर्म प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही चाचणी जगभर रूढ झाली.

भारतात वनौषधींची आधुनिक तपासणी त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी १९२० च्या दशकापासून हे काम लावून धरले, आणि देशी औषधांवरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९३३ साली आला. मराठीत वामन गणेश देसाई यांचा 'औषधिसंग्रह' त्याच सुमाराचा. १९५१ साली लखनौला, गोमतीकाठच्या छत्तर मंझिल या नबाबी महालात, केंद्रीय औषधी संशोधन संस्था उघडली. जिथे बेगमांचा वावर होता तिथे पिंजरे आणि परीक्षानळ्या आल्या! लखनौच्याच गुजराल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली गुग्गुळ सांध्यांच्या सुजेवर प्राण्यांत काम करतो असे दाखवले. म्हणजे वेस्ट पॉइंटची पद्धत हाती येण्याआधी प्रश्न आपल्याकडे तयार होता. सोपी मोजपट्टी तेवढी हवी होती. ती मिळाली आणि मग एकच झुंबड उडाली.

त्या झुंबडीत मीही होतो. १९७० च्या दशकात मुंबईच्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करताना माझ्या वाट्याला निर्गुडी आली. पनवेलजवळच्या शेतांच्या बांधावरून पाला आणायचा, सावलीत वाळवायचा, जाडसर कुटायचा. आधी पेट्रोलियम ईथरने त्यातली चरबी काढायची, मग सॉक्सलेट नावाच्या काचेच्या उपकरणात अल्कोहोलबरोबर तासन् तास फिरवायचा. शेवटी तळाशी राहतो तो हिरवट काळा, डांबरासारखा चिकट अर्क. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून डिंकाच्या पाण्यात खलून पातळ करायचा आणि बोथट सुईने उंदराच्या घशाखाली उतरवायचा.

उंदीर विस्टार जातीचे, पांढरे, लाल डोळ्यांचे. सहासहांचे गट. रात्रभर उपाशी ठेवलेले, पाणी मात्र दिलेले. कोण कुठल्या गटातला हे कळावे म्हणून पिक्रिक अ‍ॅसिडचा पिवळा ठिपका: कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर, कोणाच्या शेपटीवर. मागच्या पायाच्या घोट्यापाशी शाईने रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंत पाय पाऱ्यात बुडवायचा. पारा जितका वर चढेल तितके पायाचे आकारमान. ज्या उपकरणात हे करायचे त्याला प्लेथिस्मोमीटर असे भारदस्त नाव होते. आमचे मात्र काचेची नळी आणि सिरिंज जोडून तिथेच बनवलेले होते. उंदीर धरायचे काम प्राणिगृहातल्या मामांचे. त्यांच्या हातात उंदीर शांत असे; आमच्या हातात तो असा काही वळवळे की पारा नाचू लागे. शंभर मार्कांच्या परीक्षेत जे शिकवले नाही ते मामांनी शिकवले: उंदीर घाबरला की आकडा बिघडतो.

मग हिशेब. समजा नुसते डिंकाचे पाणी दिलेल्या उंदरांचा पाय तीन तासांत सरासरी ०.६० मिलिलिटरने फुगला आणि अर्क दिलेल्यांचा ०.३६ ने, तर सूज शेकडा ४० रोखली गेली. हा आकडा प्रबंधात जायचा. निर्गुडीने सूज रोखली होती. इतरांनाही तसेच आढळले आहे. पण मात्रा पाहा. असल्या प्रयोगांत किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क ही अगदी नेहमीची मात्रा. उंदरावरून माणसाकडे येताना शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब करून साधारण सहाने भागतात. तसे केले तरी साठ किलोच्या माणसाला जवळजवळ चार ग्रॅम अर्क झाला. पाल्याचा शेकडा दहा अर्क निघतो असे धरले तर चाळीस ग्रॅम वाळका पाला, तोही रोज! शिवाय पाला श्रावणातला की चैत्रातला, कोवळा की जून, यावर अर्कातली द्रव्ये बदलतात. त्या काळच्या कित्येक निबंधांत याचा उल्लेखही नसे. आणि ज्या वनस्पतीने सूज उतरली नाही तिच्यावर निबंध लिहायला कोणाला उत्साह असतो? त्यामुळे छापील वाङ्मय वाचले तर भारतातल्या प्रत्येक झाडपाल्याने सूज उतरते असाच समज व्हावा.

हळदीचे काम मात्र या गर्दीत उठून दिसते. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, ते कर्क्युमिन १८१५ साली फ्रान्समध्ये वेगळे काढले गेले आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. म्हणजे लखनौकरांच्या हाती डांबरासारखा अर्क नव्हता, एक ठरावीक रेणू होता. श्रीमल आणि धवन यांनी १९७३ साली त्याचे औषधी गुण प्रसिद्ध केले. कॅरॅजीननच्या सुजेवर कर्क्युमिन जवळजवळ फेनिलब्युटाझोनइतके प्रभावी ठरले, आणि किलोमागे दोन ग्रॅमपर्यंत देऊनही प्राणी दगावले नाहीत. फेनिलब्युटाझोन हे तेव्हाचे सांधेदुखीचे नावाजलेले औषध. (रक्तपेशींवरच्या घातक परिणामांमुळे माणसांसाठी त्याचा वापर पुढे बहुतेक ठिकाणी थांबला; घोड्यांना अजून देतात.) पण त्याच निबंधात आणखी एक वाक्य होते, जे पुढे फारसे कोणी सांगितले नाही: दीर्घकाळच्या सुजेच्या प्रयोगांत कर्क्युमिनची ताकद फेनिलब्युटाझोनच्या निम्मीच भरली. आणि गुडघ्याचे दुखणे हे तर दीर्घकाळचे दुखणे.

इथे या चाचणीची मर्यादा समजून घेतली पाहिजे. सेल्ससच्या चार लक्षणांपैकी ती एकच मोजते, सूज. कारण पाऱ्याच्या नळीत मावते ती तेवढीच. तीही तीन तासांची. ही सूज कशाने येते याचा उलगडा १९७० च्या सुमारास होत गेला: सुरुवातीला हिस्टामिन आणि सेरोटोनिन, मग कायनिन, आणि शेवटी प्रोस्टाग्लॅंडिन. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती रोखते हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्या क्षेत्रातील कामासाठी मिळाले. तेव्हा कळले की तिसऱ्या तासाला पाय मोजणारी चाचणी मुख्यतः अ‍ॅस्पिरिनची भावंडेच शोधून काढते. आमवाताच्या रुग्णांना डॉक्टर वर्षानुवर्षे सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने देत, पेनिसिलामाइन देत. ही औषधे या चाचणीत साफ नापास होतात. उलट काही नालायक पास होतात. पोटात दाह करणारे कोणतेही तिखटजाळ द्रव्य उंदराला टोचले तर पायाची सूज कमी होते, कारण शरीराची सारी धावाधाव तिकडे वळते. आपल्या गावाकडे लचकलेल्या पायावर बिब्बा घालत, त्यामागे असेच काहीसे तत्त्व असावे. आमच्या आळीत अशा बिब्ब्याचे डाग जन्मभर मिरवणारी माणसे होती. पाय बरा झाला की नाही यावर मतभेद असतील, डागाबद्दल नव्हते.

उंदरांनंतर माणसे. १९८० साली देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी आमवाताच्या १८ रुग्णांवर कर्क्युमिनची फेनिलब्युटाझोनशी तुलना केली, दिवसाला १२०० मिलिग्रॅम, दोन आठवडे. सकाळचा ताठरपणा, चालण्याचा वेग, सांध्यांची सूज यांत सुधारणा दिसली. १९८६ साली सातोसकर, शहा आणि शेणॉय यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला: हर्निया किंवा हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर काहींना कर्क्युमिन, काहींना फेनिलब्युटाझोन आणि काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. मला हा प्रयोग आवडतो तो त्या तिसऱ्या गटामुळे. कर्क्युमिन सरस ठरले खरे. पण नुसत्या गोळीवरही सूज बरीच उतरली होती. उतरणारच. टाक्यांची सूज आपली आपण उतरते. तिसरा गट नसता तर ते सारे श्रेय औषधाला गेले असते.

मात्रेचा हिशेब इथेही करून पाहू. हळदीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडे मिळून शेकडा तीनच्या आसपास असतात. १२०० मिलिग्रॅम हवे तर चाळीस ग्रॅम हळद, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ साडेतीन तोळे. चिमूटभर हळदीचे वरण आणि ही कॅप्सूल या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, नाव एकच असले तरी. त्यातून कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडे शिरते. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातले पिपेरिन २० मिलिग्रॅम जोडीला दिले तर माणसाच्या रक्तातले कर्क्युमिन वीस पटीने वाढते. तेव्हापासून बाटल्यांवर काळी मिरी आली. पिपेरिन हे कसे करते? यकृत आणि आतडे ज्या यंत्रणेने परकी द्रव्ये बाहेर टाकतात तीच ते मंदावते. ती यंत्रणा आपण घेत असलेल्या इतर गोळ्यांचीही असते, हे बाटलीवर नसते.

दरम्यान एक मोठी घटना घडली, जिचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिळाले. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. संस्थेने १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये फेरतपासणीची मागणी केली, बत्तीस पुरावे जोडले. त्यांत जुने ग्रंथ होते तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मासिकातला १९५३ चा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट ऑफिसने दावे फेटाळले. हळदीघाटची दुसरी लढाई म्हणून वृत्तपत्रांनी ती गाजवली, आणि योग्यच केले. पण त्या लढाईत सिद्ध काय झाले? हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच. तो उपयोग किती होतो, हा प्रश्न पेटंट ऑफिसपुढे नव्हताच. नंतरच्या वर्षांत मात्र "अमेरिकेनेसुद्धा मान्य केले" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की 'जुने आहे' आणि 'गुणकारी आहे' यांत काही अंतर आहे हेच लोक विसरले. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो संगणकीय कोश तयार होत गेला त्याचेही काम जुनेपणाची साक्ष देणे हेच.

प्रयोगशाळेकडून कर्क्युमिनला मोठा धक्का बसला तो २०१७ साली. मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन, मायकेल वॉल्टर्स आणि इतरांनी सारे वाङ्मय चाळून दाखवले की कर्क्युमिन स्वतः चमकते, धातूंना चिकटते, पेशींच्या आवरणात ढवळाढवळ करते. त्यामुळे परीक्षानळीतल्या चाचण्या फसतात आणि 'परिणाम झाला' असा खोटा कौल देतात. शिवाय रक्तासारख्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात ते अर्ध्या तासात बरेचसे विघटित होते. या निष्कर्षावर वाद झाले, आजही होतात. माझे मत विचाराल तर टीका कठोर आहे पण बव्हंशी रास्त आहे.

याच्या तुलनेत मला अधिक आशादायक वाटते ते साळईचे प्रकरण. सातपुड्याच्या उतारांवर साळईची झाडे आहेत. त्यांचा डिंक म्हणजे शल्लकी. जम्मूच्या प्रयोगशाळेत सिंग आणि अटल यांनी १९८६ साली तिचे सूजविरोधी गुण मांडले. जर्मनीत ट्युबिंगनच्या अ‍ॅमॉन यांच्या गटाने नंतर दाखवले की ती अ‍ॅस्पिरिनच्या वाटेने न जाता ल्यूकोट्राइन नावाच्या वेगळ्या द्रव्यांची निर्मिती रोखते. आणि २००३ साली नागपूरकरांनी गुडघेदुखीच्या तीस रुग्णांना आठ आठवडे शल्लकी आणि आठ आठवडे प्लासिबो देऊन पाहिले. वेदना आणि सूज कमी झाली. एक्स-रे मात्र होते तसेच राहिले, हे त्यांनी लपवले नाही.

पुण्यात अरविंद चोप्रा, भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, साळई, सुंठ आणि हळद यांचे मिश्रण आमवाताच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे तपासले. २००० साली निकाल छापला: औषधवाले सुधारले, पण प्लासिबोवालेही इतके सुधारले की बहुतेक मोजमापांत फरक ठाम म्हणता येईना. असा निकाल जसाच्या तसा छापणे हे मला शंभर उंदरांच्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते. २००४ मध्ये गुडघ्याच्या संधिवातात तेच मिश्रण प्लासिबोपेक्षा सरस ठरले. २०१३ साली ४४० रुग्णांच्या प्रयोगात गुळवेल, सुंठ, आवळा आणि साळई यांच्यावर आधारलेली औषधे सेलेकॉक्सिबच्या बरोबरीने उतरली. त्यात हळद नव्हती. आणि काही रुग्णांत यकृताचे एसजीपीटी वाढलेले आढळले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारे एक संशोधनजाळे आहे. त्यांनी हळदीच्या गोळ्यांशी निगडित दहा रुग्णांची हकीकत २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. पाच जणांना इस्पितळात ठेवावे लागले, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली, आणि तपासलेल्या काही गोळ्यांत पिपेरिन होते. लाखो लोक या गोळ्या घेतात त्या मानाने दहा हा आकडा लहान आहे. पण ही इजा व्हायला काही आठवडे किंवा महिने लागतात, आणि उंदराचा प्रयोग तीन तासांत संपलेला असतो.

तेव्हा रांगेतल्या प्रश्नाचे उत्तर. वरणात, भाजीत, दुधात हळद खुशाल घाला. गोळी घ्यायचीच असेल तर बाटलीची मागची बाजू वाचा: कर्क्युमिन किती मिलिग्रॅम, पिपेरिन आहे की नाही. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, यकृताची जुनी तक्रार असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि त्यांना दाखवा. आपले लोक रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी देतात आणि हळदीचे नाव घेत नाहीत, कारण ती औषध आहे असे त्यांना वाटतच नाही. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले, खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासून घ्या.